"नाही म्हटलं, तर मी स्वार्थी ठरतो का?"

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, 23 वर्षांचा तरुण हा प्रश्न घेऊन आला. ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले आहेत. लॅबमध्ये नोकरी, पगार 16,000 रुपये. रविवारी संडे स्कूल, उपासनेत की-बोर्ड, शनिवारी तरुण संघ, अधूनमधून मंडळीतल्या आजारी माणसांना दवाखान्यात नेणं, शिवाय मित्रांना उसने पैसे. झोप जेमतेम पाच तास. त्याचं म्हणणं असं: "प्रभूने आत्मत्याग करायला सांगितलं, म्हणून मी सगळ्यांना हो म्हणतो. तरी आतून चिडलेला असतो. मग माझी भक्ती खोटी का?"

अशा मुलांना मोठी माणसं एकतर 'अजून प्रार्थना कर' सांगतात, नाहीतर 'आधी स्वतःचं बघ'. दोन्हींनी तिढा सुटत नाही, कारण मूल नेमकं कुठे अडकलंय हे कुणी पाहिलेलंच नसतं.

आम्ही त्याला आठवडाभर चार रकान्यांची एक वही लिहायला सांगितली. कोणी काय मागितलं. किती वेळ किंवा पैसे गेले. ते कुठून कमी झाले. हो म्हणताना मनात काय होतं. नोंद त्याच रात्री करायची, कारण दोन दिवसांनी मन आपल्याला शोभेल असं कारण रचून देतं.

तिसऱ्या रकान्याने त्याला हलवलं. घरी दरमहा 5,000 द्यायचे ठरले होते. दोन महिने 2,000 च गेले, बाकीचे मित्रांकडे. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या बहिणीने शिकवणीच्या पैशांतून आणल्या. पहाटेचं पाणी भरणं, त्याचे कपडे, त्याचं ताट, सगळं तिच्याच अंगावर. त्याच्या सेवेची किंमत दोन बायका मोजत होत्या आणि त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. बायबलमध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात, आईवडिलांच्या वाट्याचं देवाला अर्पण केलं असं सांगून त्यांना मदत नाकारणाऱ्यांना येशू फटकारतो. तो उतारा त्याने स्वतः वाचला आणि बराच वेळ गप्प राहिला.

चौथ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) नाराज होतील', 'मित्र काय म्हणेल' असंच होतं. आजाऱ्यांच्या नोंदींसमोर मात्र लिहिलं होतं, 'जावंसं वाटलं'. त्याची चीड आली होती ती भीतीपोटी दिलेल्या होकारातून. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (9:7) प्रेषित पौल सांगतो, खेदाने किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये. लूक 10 मध्ये येशूने सांगितलेल्या दृष्टांतातला, वाटेवर पडलेल्या जखमीला मदत करणारा शोमरोनी माणूसही बघा. जखमीला तेल-द्राक्षारस लावतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळतो. सकाळी दोन दिनार देऊन पुढची काळजी उतारशाळेच्या रखवालदारावर सोपवतो आणि वाटेला लागतो. परत येईन, जास्त खर्च झाला तर देईन, असंही सांगतो. सेवा सोपवता येते, हे तरुणांना शिकवलंच जात नाही.

पुढे ठरलं ते असं. कुणाच्या जिवावर बेतलेलं काम नसेल तर जागीच हो म्हणायचं नाही. "उद्या सकाळी सांगतो" म्हणायचं आणि सकाळी खरंच सांगायचं, नाहीतर ती नुसती टाळाटाळ होते. दशांशाचे, म्हणजे मंडळीला द्यायच्या पगाराच्या दहाव्या भागाचे, 1,600 आणि घरचे 5,000 पगाराच्याच दिवशी बाजूला. मदतीसाठी महिना 1,000. ते उसने द्यायचे नाहीत, देऊनच टाकायचे, म्हणजे वसुलीचा कडवटपणा उरत नाही. संपले की संपले. की-बोर्ड दुसऱ्या मुलाकडे, पण तीन रविवार शेजारी बसून शिकवून. आणि आठवड्यातून चार दिवस पहाटेचं पाणी त्याने भरायचं, तरुण संघात त्याची साक्ष न देता, म्हणजे सगळ्यांसमोर ते न सांगता. खरं सांगायचं तर आमच्या मते यातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत ख्रिस्ती काम हेच होतं.

पहिले तीन-चार आठवडे अपराधीपणा वाढतो. तो वाढला म्हणून निर्णय चुकला असं समजू नये. सवय मोडताना असं होतंच. दोन चुका हमखास होतात. नकारासोबत लांबलचक कारणं दिली जातात आणि त्यातलं एखादं खोटं निघतं. "या शनिवारी जमणार नाही" एवढं पुरे. किंवा मूल एकदम कोरडं होतं, सगळ्यांनाच नाही म्हणू लागतं. म्हणून नकाराबरोबर शक्य असेल तिथे एक छोटी, खरी गोष्ट देऊ करावी: नेता येणार नाही, पण डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवतो.

झोप उडणं, भूक मरणं, कशातच मन न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर डॉक्टरांना दाखवावं. त्याला विश्वासाची उणीव म्हणू नये. आणि पाळकांना विनंती: एका तरुणावर दोनपेक्षा जास्त जबाबदाऱ्या टाकू नका, प्रत्येक जबाबदारीची मुदत वर्षभराचीच ठेवा, आणि नवं काम देण्याआधी त्याच्या घरी जाऊन आईला एकदा विचारा.