डिझर्टेशनचं गणित पहिल्याच सत्रात मांड

चि. विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

पुणे विद्यापीठात एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, प्रवेश मिळाला, फार बरं झालं. लेक्चरं, सेमिनार जमतील. बहुतेकांचं घोडं अडतं ते डिझर्टेशनपाशी, म्हणजे शेवटच्या संशोधन प्रबंधापाशी, म्हणून त्याचंच लिहितो.

‘पुण्यातील किशोरींमधला ॲनिमिया’ (म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं) हा विषय नको, तो फार मोठा होतो. एक वसाहत, 15 ते 19 वयाच्या मुली, एवढंच धर. आता नमुन्यात किती मुली हव्यात ते काढ. ॲनिमियाचं प्रमाण 50 टक्के, चूक (अंदाज खऱ्या प्रमाणापासून किती ढळला तर चालेल) 5 टक्के, विश्वास पातळी (शंभरात किती वेळा अंदाज या हद्दीत बसेल) 95 टक्के धरली की 385 येतात. पण हे साध्या यादृच्छिक नमुन्याचं झालं. चाळी किंवा गल्ल्या निवडून घरं घेतलीस तर शेजाऱ्यांची उत्तरं सारखी निघतात, म्हणून डिझाइन इफेक्ट (अशा गटवार निवडीमुळे नमुना किती पट वाढवायचा तो आकडा) 2 धरून 770. नकार देणाऱ्या 10 टक्के धरायच्या तर 770 ला 0.9 ने भागायचं, म्हणजे 856. नुसते 10 टक्के मिळवले की नमुना कमी पडतो. दिवसाला 8 मुलाखती धरल्या तरी एकट्याला 107 दिवस! एवढं जमणार नसेल तर प्रश्नच लहान कर. चूक 10 टक्क्यांवर नेऊन आकडा खाली आणणं ही पळवाट आहे. गाईडच्या, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांच्या, ती लगेच लक्षात येते.

एथिक्स कमिटीची (संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मंजुरी हातात पडल्याशिवाय एकही फॉर्म भरू नकोस. मागाहून मंजुरी मिळत नाही. मुलगी 18 च्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती आणि तिची स्वतःची मान्यता, दोन्ही लागतात, तेही तिला कळेल अशा मराठीत. महापालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र लागणार असेल तर तो अर्जही कमिटीकडे अर्ज करशील त्याच आठवड्यात टाक.

पुण्यातल्या जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीत सकाळी अकराला गेलं की मुली कॉलेजात आणि घराला कुलूप. म्हणून लगेच शेजारचं घर घेऊ नकोस. बंद घरं बहुधा आईवडील दोघंही कामाला जाणाऱ्यांची असतात. ती वगळली की निष्कर्ष एका बाजूला झुकतो. संध्याकाळी एकदा, रविवारी एकदा, अशा आणखी दोन फेऱ्या मार.

हिमोग्लोबिन बोटातून घेणार असशील तर पहिला थेंब पुसायचा आणि बोट पिळायचं नाही. पिळल्यावर ऊतकातलं पाणी रक्तात मिसळतं, आकडा खोटाच खाली येतो आणि 12 ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या सीमारेषेवरची मुलगी विनाकारण ॲनिमियात मोजली जाते. दंडाच्या शिरेतून काढलेल्या रक्ताशी या आकड्यांची तुलनाही सरसकट करू नये.

प्रश्नावली आधी नमुन्याबाहेरच्या वीसेक मुलींवर वापरून बघ. ‘ॲनिमिया आहे का?’ याला उत्तर मिळत नाही. ‘रक्त कमी आहे असं कुणी सांगितलं, केव्हा?’ असं विचारलं की मुली बोलतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतलं (2019-21) पुणे जिल्ह्याचं पत्रक जवळ ठेव. संख्याशास्त्र विभाग आवारातच आहे; नमुन्याचं गणित तिथल्या कुणाकडून तरी तपासून घे आणि एका पानाचा आराखडा दिवाळीआधी मला पाठव.