आधी खाट, मग पावती

प्रिय बाय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या मिशन हॉस्पिटलमधल्या हृदयविकाराच्या कॅथलॅबचं कर्ज, एनएबीएचच्या दर्जा-मान्यतेच्या फायली, आटलेली परदेशी मदत, गल्फला निघालेल्या नर्सेस, ट्रस्टींचं 'आधी अनामत' हे परिपत्रक. आणि शेवटी, 'सिस्टर, यात मिशन कुठे उरलंय? मग दुप्पट पगारावर कॉर्पोरेटमध्ये का जाऊ नये?'

जायचं तर जा. पण आधी माझी एक रात्र ऐक.

मी मेट्रन होते. तीन महिन्यांचे पगार थकलेले, ऑक्सिजनवाला उधारीवर सिलिंडर देईना. भरतीआधी दोन हजार अनामत, हा नियम मीच काढला. त्या पावसात डोंगरपट्टीतून एका गरोदर बाईला चादरीच्या झोळीत घालून आणलं. पाय सुजलेले, डोकं दुखतंय म्हणत होती. बीपी वाढून झटके येण्याचा हा धोका नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही कळतो. खिडकीवरच्या कारकुनाला कसा कळावा? दंडाला बीपीचा पट्टा लागण्याआधी पावतीपुस्तक उघडलं. नवऱ्याने कनवटीची गाठ सोडली, तीनशे चाळीस रुपये निघाले. तो भांडला नाही. चादर पायरीवर पिळली, पुन्हा झोळी बांधली आणि निघाले. कुठे गेले, त्या बाईचं काय झालं, मला कधीच कळलं नाही.

पगार द्यायचे होते, बाय. त्या मुलींच्या घरी चुली होत्या. आजही हिशेब मांडला की वाटतं, पैसे मागण्यात मी चुकले नाही. पण पट्टा आधी लागायला हवा होता. आधी खाट, मग पावती.

नियमांनी हात बांधलेत म्हणतेस? डॉ. मेरी ग्लोरी 1920 मध्ये धर्मभगिनी व्हायला ऑस्ट्रेलियाहून गुंटूरला आल्या, तेव्हा धर्मभगिनींना वैद्यकी करायला चर्चचीच मनाई होती. त्यांनी पोपमहोदयांची खास परवानगी मिळवली. सगळ्या भगिनींना ती मुभा मिळाली 1936 मध्ये. तोवर त्या थांबून राहिल्या असत्या तर? 1943 मध्ये त्यांनीच आपल्या कॅथलिक इस्पितळांची संघटना उभी केली. आज तिच्यात साडेतीन हजारांवर संस्था आहेत. आणि तू अनामतीच्या एका परिपत्रकापुढे हात टेकतेस!

'आधी खाट' म्हणजे सगळं फुकट का, असं विचारू नकोस; तसं नव्हे. कॅथलॅब जरूर घे, हार्ट अटॅक गरिबालाही येतो. सरकारच्या फुले आरोग्य योजनेत कुटुंबामागे 5 लाखांचं कवच आहे; त्या योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल जिन्याखालून काढून दाराशी आण. क्लेम उशिरा येतात, म्हणून सहा महिन्यांची गंगाजळी बाजूला ठेव. ट्रस्टींशी भांड. ऐपत असलेल्याकडून पूर्ण बिल घे, लाजू नकोस. फक्त क्रम बदलू नकोस. अत्यवस्थ रुग्णाला आधी उपचार, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितलंय. आणि अत्यवस्थ कोण, हे कारकुनाने ठरवायचं नाही. नर्सने हात लावून ठरवायचं. आधी खाट.

रागावले असेन तर माफ कर. तू रडत पत्र लिहिलंस, हे शाईवरून कळलं मला.

रात्रपाळीला खिडकीवर कोण बसतं, ते कळव. पुढच्या आठवड्यात गुडघा जरा बरा असला तर येते. तुझ्या ट्रस्टींना नंतर भेटेन, आधी त्या पोराशी बोलायचंय.

तुझी,
सिस्टर