मेंदूवर संशोधन करायचं तर डॉक्टर व्हावं लागतं का? मुंबईत यात करिअर आहे का?

तुमची मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला ‘संवेदना आणि मेंदूवरची औषधं’ यात काम करायचंय, आणि तुम्हाला काळजी आहे की डॉक्टर न होता यात पोट भरतं का. भरतं, पण उशिरा. आणि डॉक्टर व्हावं लागत नाही. मी नाही झाले. रुईयातून लाइफ सायन्सेस, मग पीएचडी, थोडी वर्षं परदेशात, आणि आता पुन्हा मुंबईतच.

माझी पीएचडी खाजेवर आहे. आत्या अजून विचारते, "काय गं, गेली का खाज?"

कोकणातल्या माणसाला खाजकुइली काय ते सांगायला नको. या वेलीच्या शेंगेवरची कुसं अंगाला लागली की माणूस वेडापिसा होतो. त्या कुसात म्युक्युनेन नावाचं एन्झाइम असतं. त्वचेतल्या चेतातंतूंवर जे रिसेप्टर (निरोप घेणारे रेणू) असतात, त्यांतल्या एका प्रकाराला ते कापतं आणि तंतू मेंदूला ‘खाजव’ असं कळवतो. ॲलर्जीत अंगात सुटतं त्या हिस्टामिनचा यात फारसा संबंध नाही, म्हणून अंगावर पित्त उठल्यावर घेतो ती गोळी इथे विशेष उपयोगी पडत नाही.

हे सगळं पाहायचं कसं? उंदराच्या मणक्यालगतच्या चेतापेशी बशीत ठेवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली एकीला काचेची नळी टेकवायची आणि नळीला जोडलेल्या रबरी ट्यूबमधून तोंडाने अगदी हलकं ओढायचं. नळीचं टोक जेमतेम १ मायक्रॉनचं. पेशी घट्ट चिकटली की ‘सील लागलं’ म्हणायचं. पहिले ५ महिने मला एकही धड सील लागलं नाही. लागलं तेव्हा पेशीचा विजेचा सिग्नल दिसेचना, स्क्रीनभर ५० हर्ट्झच्या लाटा. म्हणजे भिंतीतली वीज. टेबलाभोवती जाळी लावली, जाळीला अर्थिंग दिलं, वरून पोळ्या गुंडाळायची फॉइलसुद्धा लावली. ३ आठवड्यांनी सापडलं की दिव्याच्या अडॅप्टरचं अर्थिंग सुटलेलं. माझ्या प्रबंधात त्या ३ आठवड्यांवर एक ओळही नाही.

खाजेवरून मी मेंदूवरच्या औषधांकडे कशी गेले, असं लोक विचारतात, जणू मी घर बदललं. मी तर वेलसुद्धा बदलली नाही! खाजकुइलीच्या बियांत एल-डोपा असतो, मेंदूत त्याचं डोपामिन होतं, म्हणजे पेशींमधले निरोप नेणारं रसायन. दामोदरन आणि रामस्वामी यांनी तो १९३७ सालीच त्यातून वेगळा काढला होता. पण त्याचा पार्किन्सनशी (कंपवाताशी) संबंध लागायला दुसरी वनस्पती आडवी यावी लागली, आणि तिथे मुंबई येते. डॉ. रुस्तम वकिलांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळं झालं. ते दिलं की मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा होतो. स्वीडनच्या अर्विद कार्लसननी रेसर्पिन देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिला, ते पुन्हा हिंडू लागले. पार्किन्सनमध्ये हेच डोपामिन कमी पडतं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. (कुणी ‘मग बियांची पावडरच देऊ का बाबांना’ विचारण्याआधी: गोळ्या चालू असतील तर न्यूरॉलॉजिस्टला न विचारता नको. पावडरीतलं प्रमाण दर वेळी सारखं नसतं.)

मला विचाराल तर कातडी काय नि मेंदू काय, रोजचं काम तेच. एक थेंब टाकायचा, पेशी काय म्हणते ते ऐकायचं, मग दुसऱ्या थेंबाने तिला गप्प करून बघायचं. संवेदनांवर काम करणारा माणूस पहिल्या दिवसापासून औषधशास्त्रच करत असतो, फक्त तसं म्हणत नाही.

आता पैसे. जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी सरकारी फेलोशिप, ३७,००० रुपये महिना, २ वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. पीएचडीला ५–६ वर्षं धरा, पक्की नोकरी पस्तिशीच्या आसपास. फेलोशिप वेळेवर येईलच असं नाही. माझी एकदा ७ महिने अडकली होती, आणि २७व्या वर्षी लोकलच्या पासाचे पैसे मी आईकडून घेत होते. एवढी कळ घरच्यांना काढता येत नसेल तर एम.फार्म. करून औषध कंपनीत जाणं बरं, त्यात कमीपणा काही नाही. उंदीर हाताळायचे नसतील तरी अडत नाही. ओबेद सिद्दिकी आणि वेरॉनिका रॉड्रिग्स यांनी कुलाब्याला टीआयएफआर या टाटांच्या संशोधन संस्थेत वास आणि चव यांवरचं काम फळमाश्यांवर केलं, केळ्यावर घोंघावतात त्याच.

तिला आत्ताच एखाद्या लॅबमध्ये २ महिन्यांचं काम मागायला सांगा. पण ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ म्हणून तोच मजकूर तीसजणांना नको. तसल्या मेल मी न वाचता पुसते. एक पेपर वाचायचा आणि त्यातली न कळलेली एक आकृती विचारायची. गेल्या वर्षी अशी एकच मेल आली. ती मुलगी सध्या माझ्या शेजारच्या टेबलावर सील लावायला शिकतेय, अजून लागलेलं नाही.