अण्णांच्या खोलीतली उदबत्ती

"मॅडम, मामांच्या खोलीत सकाळी अकरालासुद्धा उदबत्ती जळत असते. देवघर तर पुढच्या खोलीत आहे."

सून हे सहज बोलता बोलता म्हणाली. ती सासऱ्यांची फाईल घेऊन औषधाच्या काउंटरवर उभी होती आणि मी चहाचा कप घेऊन माझ्या खोलीकडे निघाले होते. सांगली-मिरज रस्त्यावरच्या हाडांच्या एका हॉस्पिटलात मी आठवड्यातले दोन दिवस समुपदेशनाला बसते. उदबत्तीचं ऐकलं आणि चहा तसाच राहिला. पायाच्या ऑपरेशनला सतरा दिवस झालेले, पेशंट साखरेचा, आणि खोलीत दिवसभर उदबत्ती. म्हणजे कुठला तरी वास लपवायचा होता.

अण्णांची आणि घरच्यांची परवानगी घेऊनच हे लिहितेय. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत. उदबत्ती खरी आहे.

अण्णा मार्केट यार्डात एका अडत दुकानाचे दिवाणजी. वय सत्तावन्न, मधुमेहाला बारा वर्षं झालेली. जुन्या वह्या काढायला पोटमाळ्यावर चढले, शिडी सरकली आणि ते उभ्याचे उभे खाली टाचेवर आले. टाचेच्या हाडाचे तुकडे झाले. या हाडाचं ऑपरेशन लगेच करत नाहीत. सूज उतरून कातडीला सुरकुत्या दिसेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर ताणलेली कातडी टाके धरत नाही. अण्णांना अकरा दिवस थांबवलं. मग टाचेच्या बाहेरच्या बाजूला काटकोनात चीर देऊन प्लेट बसवली. त्या चिरेचा कोपरा सगळ्यात नाजूक. तिथं रक्त कमी पोचतं. जखम बिघडायची असली तर बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते. साखर आणि तंबाखू दोन्ही असतील तर धोका आणखी वाढतो. हे सगळं सर्जननी ऑपरेशनआधी सांगितलं होतं आणि घरच्यांनी माना डोलावल्या होत्या. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणाच्या डोक्यात काय शिरतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

त्यांना घरी सोडलं त्या दिवशी मीही त्यांना भेटले होते. त्या भेटीत मी एक चूक केली, ती पुढे येईलच.

उदबत्तीचं कळलं त्या दिवशी मुलाला फोन लावून अण्णांना संध्याकाळीच बोलावून घेतलं. ड्रेसिंगच्या खोलीत सिस्टरनी पट्टी सोडवली तेव्हा मी दारात होते. वरची गॉज पिवळी होती. खालची त्याहून पिवळी, चिकट, जखमेला धरून बसलेली. सलाइन सोडून सोडून ती काढावी लागली. चिरेच्या कोपऱ्यातले दोन टाके उसवले होते आणि आतून घट्ट, घाण वासाचा स्राव येत होता. भोवतालची लाली घोट्यापर्यंत चढली असावी. 'असावी' म्हणते, कारण कातडी इतकी पिवळी झाली होती की लाल कुठं संपतं तेच कळेना.

"हे काय लावलंय?" सर्जननी विचारलं.

काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, भिंतीकडे बघत म्हणाल्या, "औषधच असंल इथलं."

अण्णांना विचारलं, दुखतंय का. "अजिबात न्हाई," असं म्हणताना त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. साखर तीनशेच्या वर गेली होती, ताप नव्हता. बारा वर्षांच्या मधुमेहात तळव्यांची संवेदना कमी होते. अशा माणसाला पायात काही बिघडलंय हे दुखण्यावरून कळेलच असं नाही, आणि तापही येईलच असं नाही. जेवणखाण आणि गोळ्या तेच असताना साखर अचानक वर जाऊन बसली, तर हाच एक निरोप समजायचा. अण्णांचा मीटर घरातच होता. आकडे वाढत होते, तेही ते बघत होते आणि दुखत नाही याच्यावर विसंबून होते.

पू तपासायला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी जखम ऑपरेशन थिएटरात उघडून धुतली. प्लेट काढली नाही. हाड जुळायचं होतं आणि स्क्रू घट्ट होते. अशा वेळी प्लेट ठेवून जखम साफ करणं आणि अँटिबायोटिक देणं, हाच मार्ग बऱ्याचदा घेतात.

तिसऱ्या दिवशी अण्णा माझ्याशी बोलले. खोलीत दोघंच होतो. मी उदबत्तीचा विषय काढला.

"घरच्यांना वास येऊ नये म्हणून लावत होता?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घरच्यांचं न्हाई हो मॅडम. मला येऊ नये म्हणून."

त्यांच्या वडिलांनाही साखर होती. चप्पल चावून अंगठ्याला जखम झाली, आधी अंगठा गेला, मग पाय गुडघ्याखाली कापला, आणि वर्षाच्या आत वडील गेले. तरुण अण्णा तेव्हा मिरजेला हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये रात्री काढत होते. "तोच वास होता," म्हणाले. "पट्टीतून आला आणि मी ओळखला. आता तुमी कापणार. मग म्हटलं, चार दिवस जातील तेवढे जाऊ देत."

मग त्यांनी मला माझी चूक दाखवली. आवाज अजिबात चढवला नाही.

"घरी सोडताना तुमीच म्हणालात, टेन्शन घेऊ नका अण्णा, सगळं नीट होणार. आता नीट झालं न्हाई, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. धीर द्यायच्या नादात मी त्यांची बिघाड सांगायची वाटच बुजवून टाकली होती. आता मी ते वाक्य वापरत नाही. "जखम बिघडू शकते. बिघडली तर लवकर कळलेली बरी, आणि कळवल्याबद्दल इथं कुणी तुम्हाला बोलणार नाही," असं सांगते. ऐकायला कमी गोड लागतं.

कापण्याची भीती खोटी नाही. मधुमेहात पाय गमावलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात, गल्लीत आहेत. पण वडिलांची आणि त्यांची गोष्ट एक नव्हती, आणि हे मी म्हणून उपयोग नव्हता. मी सर्जनना खोलीत बोलावलं. त्यांनी अण्णांचा हात धरून त्यांच्याच पायावरची नाडी त्यांना लावून दाखवली. "ही लागतेय ना? रक्त खाली पोचतंय. म्हणून हा पाय वाचवता येईल असं मी म्हणतोय. चार दिवस अजून उदबत्ती लावली असती तर असं म्हणालो नसतो." अण्णा बोट तिथंच ठेवून किती तरी वेळ बसले होते.

काकू मला पॅसेजमध्ये भेटल्या. पदर तोंडाला लावलेला.

"मीच लावली हळद. दोन रात्री. तुमाला सांगते मॅडम, सांगलीत जन्म काढला, हळदीवर घर चाललं, आन् ती हळद जखमेला चालत न्हाई व्हय?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. त्यांच्या दुकानातून राजापुरी हळदीची पोती जातात, इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. हळदीत जंतूंना रोखणारे गुण प्रयोगशाळेत दिसलेत, तेही खरं. पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते. ती उघड्या जखमेत जाऊन बसते, आणि तिच्या रंगाखाली लाली किती पसरली ते डॉक्टरला दिसत नाही. काकूंना मी हे शेवटचं कारण सांगितलं, तेवढंच त्यांना पटलं.

"मग माझ्यामुळंच झालं म्हणायचं."

खरं तर हे सगळं लिहायचं कारण हाच प्रश्न आहे. ऑपरेशनची जखम चिघळली की पाच घरांतली चार घरं हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. फक्त प्रत्येकजण आरोपी वेगळा आणतो. काकूंनी स्वतःला धरलं होतं. अण्णांनी नशिबाला आणि वडिलांच्या रक्ताला. मुलगा थिएटरच्या स्वच्छतेबद्दल तक्रार लिहून घेऊन आला होता. सुनेला वाटत होतं, आपण उदबत्तीचं दोन दिवस आधी का नाही बोललो.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. साध्या निरोगी माणसांपैकीही साधारण तीनात एकाच्या नाकात हा जंतू मुक्कामाला असतो, कातडीवरही असतो. अण्णांच्याच कातडीवरून आत गेला, ड्रेसिंग करणाऱ्या हातावरून गेला की थिएटरात गेला, हे रिपोर्टवरून सांगता येत नाही. कुठलं औषध लागू पडेल ते मात्र त्यात लिहिलेलं असतं. मी चौघांना एकत्र बसवून तोच कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, यात जंतूचं नाव आहे, माणसाचं नाही. मुलाला सांगितलं, तक्रार द्यायचा हक्क तुमचा आहे, जरूर द्या, पण अँटिबायोटिकच्या वेळा आधी लिहून घ्या. ती तक्रार नंतर त्याने दिली की नाही, मी विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली होती, ती अण्णांनी त्या बैठकीतच खाली बघत सांगितली. तंबाखू चालू होती. चुना लावून, दिवसातून पाच-सहा वेळा, उशीच्या अभ्र्यात पुडी. "सिगारेट न्हाई म्हणून विचारल्यावर न्हाई म्हणालो." निकोटिन तोंडातून गेलं तरी बारीक रक्तवाहिन्या आवळतंच, आणि त्या चिरेच्या कोपऱ्याला रक्ताचीच तर वानवा होती. काकूंनी एक नजर टाकली. हळदीचा हिशोब तिथल्या तिथं फिटल्यासारखा वाटला.

घरी जायच्या वेळी त्यांना काय काम द्यावं याचा विचार करत होते. सूचनांचा छापील कागद सगळ्यांना देतो, तो फाईलमध्ये जातो आणि तिथंच राहतो. अण्णांना म्हटलं, "दिवाणजी, जखमेची रोजकीर्द लिहाल का?" त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. लाल कापडी पुठ्ठ्याची वही मुलाकडून मागवली. रोज सकाळी तारीख, उपाशीपोटीची साखर, ताप, पट्टी कोरडी की ओली, ओली असेल तर रंग, वास आहे की नाही. वास सुनेनं घ्यायचा, कारण अण्णांवर माझा त्या बाबतीत भरवसा नव्हता. लालीच्या कडेवर बॉलपेनने रेघ मारायची आणि लाली रेघ ओलांडते का ते बघायचं. रेघ ओलांडली, थंडी वाजून ताप आला, पू किंवा वास परत आला, टाका उसवला, साखर उगाच चढली, यातलं एक जरी झालं तरी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. सूज तेवढी लगेच उतरणार नाही, टाचेची सूज महिनोन्महिने रेंगाळते, नुसत्या तिच्यासाठी घाबरायचं नाही. पाय उशीवर उंच, टेकायचा नाही. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच बंद करायच्या नाहीत.

"खाडाखोड चालणार नाही," मी म्हटलं.

"कीर्दीत खाडाखोड नसतेच मॅडम," ते जरा रागावूनच म्हणाले. "चुकलं तर दुसरी नोंद टाकायची."

पुढचे दोन महिने सोपे नव्हते. काही दिवस इन्सुलिन घ्यावं लागलं. जखमेवर व्हॅकचं, म्हणजे आतला स्राव ओढून घेणारं मशीन बसवलं, त्याच्या घरघरीनं काकूंना झोप येईना. एकदा पट्टी हिरवट आली, कीर्दीत ती नोंद पडली आणि मुलगा त्याच दुपारी त्यांना घेऊन आला. औषध बदललं. मध्ये सौद्यांचे दिवस आले, यार्डातून फोनवर फोन, आणि अण्णा पलंगावर पाय उंच करून दुकानाचे आकडे तोंडी सांगत होते. त्या आठवड्यात त्यांची चिडचिड इतकी होती की सून एकटीच येऊन माझ्यापुढे रडून गेली. तिला मी फारसं काही सांगितलं नाही, चहा पाजला.

जखम भरली. पाय आहे. टाचेचा खालचा सांधा आखडलाय. यार्डातल्या खडबडीत फरशीवर त्यांना काठी लागते, सपाटीवर लागत नाही. हाड पुरतं जुळल्यावर प्लेट काढायची की नाही, ते सर्जन ठरवतील.

मागच्या महिन्यात दोघं तपासणीला आले तेव्हा अण्णांनी वही माझ्यापुढे ठेवली. सुरेख वळणदार अक्षर, तारीखवार, एकही दिवस चुकलेला नाही. मी शेवटचं पान उघडलं.

'साखर १३२. ताप नाही. जखम कोरडी. वास नाही (सूनबाई). तंबाखू १ चिमूट, सौ.ला सांगितलेले नाही.'

मी वही मिटायच्या आत काकूंनी चष्मा पुसून घातला होता. "बघू की," म्हणाल्या, "काय लिवलंय ते."