मोंबासाची सफारी आणि पुढच्या महिन्यातला आठ लाखांचा हप्ता

मुलुंडच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ६१, गेल्या वर्षी खासगी कंपनीतून निवृत्त, पत्नी ५७ वर्षांच्या. त्यांच्याच शब्दांत, थोडं आटोपून:

"हिंदी महासागरातली दहा रात्रींची क्रूझ ठरवतोय. विमान, जहाज, सगळं धरून दोघांचे सहा लाख. जहाज केनियातल्या मोंबासाला सकाळी सातला लागतं, संध्याकाळी सहाला सुटतं. हिला आफ्रिकेतले हत्ती पाहायचेच आहेत. जहाजाकडून तिथल्या त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाची सफारी माणशी ३२० डॉलर, बाहेरचा टूरवाला तीच १९० ला देतो. बाहेरून घ्यावी का? पैशांची तशी अडचण नाही. पीएफ-ग्रॅच्युइटीचे ६४ लाख आले. त्यातले ८ लाख बँकेतल्या मॅडमनी सांगितलेल्या पाच वर्षांच्या योजनेत भरले, ५६ लाख एफडीत आहेत. त्या योजनेतून दुसऱ्या वर्षापासून थोडे थोडे काढता येतात, क्रूझ त्यातूनच होईल. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात खात्यातून आपोआप जाईल. घरखर्च महिना ४५ हजार, ईपीएसची पेन्शन साडेतीन हजार. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला."

सोबत पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो आहे. तो पाठवलात हे फार बरं केलंत.

आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. बाहेरून घेऊ नका. फरक माणशी १३० डॉलरचा, म्हणजे दोघांचे साधारण २३ हजार रुपये वाचतील. त्या बदल्यात जहाज चुकण्याचा धोका सगळा तुमच्या अंगावर येतो. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची गाडी रस्त्यात अडकली तर जहाज सहसा थांबतं. बाहेरच्या टूरवाल्याच्या गाडीसाठी थांबत नाही. चुकलंच तर पुढच्या बंदरापर्यंत दोन विमान तिकिटं, एखादी रात्र हॉटेलात आणि पुढचं बंदर झांझिबार असेल तर टांझानियाचा व्हिसा. लाखभर रुपये सहज जातात. शिवाय हवामानामुळे जहाज बंदराला लागलंच नाही, तर जहाजाच्या सहलीचे पैसे साधारणपणे परत मिळतात. बाहेर दिलेला ॲडव्हान्स परत येईलच असं नाही.

आता तो रस्ता. सातला धक्क्याला लागलं म्हणजे सातला उतरलात असं होत नाही. कागदपत्रं होऊन किलिंडिनी बंदराच्या फाटकाबाहेर पडायला सव्वाआठ धरा. त्सावो ईस्टचं जवळचं गेट बाचुमा, मोंबासापासून शंभरेक किलोमीटर. रस्ता मोंबासा-नैरोबी महामार्गाचा, आणि बंदरातून निघणारे कंटेनरचे ट्रक त्याच रस्त्यावर. मारियाकानीला ट्रकांचा वजनकाटा आहे, तिथे रांग लागली की अर्धा तास गेला. गेटवर पोहोचायला पावणेअकरा. सहाला सुटणाऱ्या जहाजावर साडेपाचपर्यंत चढावं लागतं, म्हणून दोन वाजता परत फिरायचं. मधे जेवणाला पाऊण तास. म्हणजे प्रत्यक्ष जंगलात अडीच तास, तेही ऐन दुपारचे. जहाजाच्या दराने दोघांचे साधारण ५८ हजार होतात, म्हणजे जंगलातल्या तासाला तेवीस हजार. तांबड्या धुळीत लोळून तांबडे झालेले त्सावोचे हत्ती दिसण्याची शक्यता चांगली आहे, कारण उन्हाच्या वेळी ते पाण्यावर येतात. सिंह त्या वेळी झुडपाखाली पडलेला असतो. तो दिसला तर नशीब.

तरीही बाहेरूनच जायचं ठरलं, तर टूरवाल्याकडून दोन गोष्टी लेखी घ्या. दरात उद्यानाचं प्रवेश शुल्क आहे की नाही (ते परदेशी पाहुण्यांना डॉलरमध्ये आणि भरमसाट असतं, गेटवर रोख चालत नाही), आणि गाडी बंदरावर किती वाजता परत आणणार. साडेचारच्या पुढची वेळ सांगितली तर नाही म्हणा. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून बंदी आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. चिवडा डब्यात न्या, पाणी स्टीलच्या बाटलीत.

या सगळ्याच्या आधी मात्र पिवळ्या तापाची लस. केनियाहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, आणि तुम्ही ६१ चे आहात. क्रूझचा एक रुपयाही भरण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. त्यांनी नको म्हटलं तर मोंबासाचा विषयच संपला.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. उरलेलं सगळं उत्तर तिच्याबद्दल आहे, कारण २३ हजारांचा हिशेब करताना पुढच्या चार हप्त्यांचे ३२ लाख तुमच्या नजरेतून सुटले आहेत.

तुम्ही पाठवलेल्या पानावर काय छापलंय ते वाचा. 'युनिट लिंक्ड', म्हणजे युलिप: एकाच हप्त्यातून विमा आणि बाजाराशी जोडलेल्या फंडाची युनिटं. वार्षिक हप्ता ८ लाख. हप्ते भरण्याची मुदत ५ वर्षं. त्याच्या खालच्या ओळीत पॉलिसीची मुदत १५ वर्षं. विमा रक्कम ५६ लाख. तुम्हाला 'पाच वर्षांची योजना' म्हणून सांगितलं त्यातला पाच हा आकडा पैसे भरण्याचा आहे, परत मिळण्याचा नाही. आणि दुसऱ्या वर्षापासून पैसे काढता येतात हे धादांत खोटं आहे. युलिपमधून पहिली पाच वर्षं एक रुपयाही काढता येत नाही. हा नियमच आहे, कुठल्याही कंपनीला त्यात सूट नाही. तेव्हा क्रूझचे पैसे तिथून येणार नाहीत, ते एफडी मोडूनच द्यावे लागतील.

मग पुढची चार वर्षं मांडू. एफडीवर ७ टक्के आणि खर्चात दरवर्षी ६ टक्के वाढ धरतो. पेन्शन वजा जाता घराला आज वर्षाला पाच लाख लागतात. ५६ लाखांतून क्रूझचे सहा, हप्त्याचे आठ आणि घराचे पाच गेले, व्याज मिळवलं, की पहिल्या वर्षाअखेर ३९-४० लाख. दुसऱ्या वर्षाअखेर २८. तिसऱ्या वर्षाअखेर साडेपंधरा. चौथ्या वर्षी शेवटचा हप्ता भरून आणि घर चालवून हातात उरतात दीड लाख. वय ६५, हाताशी तीन महिन्यांचा घरखर्च, आणि बाकी सगळी पुंजी शेअर बाजाराशी जोडलेल्या एकाच पॉलिसीत. त्या वर्षी बाजार पडलेला असला तर पडलेल्या भावात युनिटं विकून किराणा भरायचा.

विम्याचं काय? तुमच्यावर कर्ज नाही, कमावणारे तुम्ही आता नाही, तेव्हा ५६ लाखांच्या विम्याची गरजच नाही. पण त्याची किंमत तुम्ही देताय. फंडातले ८ लाख वजा करता कंपनीची जोखीम ४८ लाखांची. एकसष्टाव्या वर्षी हजारी १२ रुपये धरले तरी पहिल्याच वर्षी ५७-५८ हजार रुपयांची युनिटं दरमहा थोडी थोडी कापली गेली असतील. तुमच्या महिन्याच्या घरखर्चापेक्षा ही रक्कम मोठी आहे. वार्षिक स्टेटमेंटमध्ये 'मॉर्टॅलिटी चार्ज'च्या रकान्याची बेरीज करा, नेमका आकडा मिळेल. आणि 'करमुक्त' असं सांगितलं असेल तर तेही खरं नाही. १ फेब्रुवारी २०२१ नंतरच्या युलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांवर असेल तर मुदतीनंतरच्या नफ्यावर कर लागतो. तुमचा हप्ता त्याच्या तिपटीहून जास्त आहे.

निवृत्त माणसाच्या हातात पीएफचे पैसे पडले की त्याच महिन्यात त्याला ही पॉलिसी विकली जाते, याची मला मनापासून चीड येते. ज्याचा पगार थांबलाय त्याला दरवर्षी आठ लाखांचा हप्ता लावणं ही चूक नाही, हा अन्याय आहे.

काही जण म्हणतील, युलिपचे खर्च सुरुवातीलाच जास्त असतात, आता पाच वर्षं भरूनच टाका. पस्तिशीतल्या पगारदाराला मीही कदाचित तेच सांगितलं असतं. त्याचा हप्ता पगारातून जातो, तुमचा जेवणाच्या पैशांतून जाणार आहे.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका. पॉलिसी रद्द करून पूर्ण पैसे परत मिळण्याची मुदत कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांची असते, ती गेली. आता हप्ता थांबवल्यावर ३० दिवसांची सवलतीची मुदत संपते, तुमच्याएवढ्या हप्त्याला दुसऱ्या वर्षी जास्तीत जास्त पाच हजार रुपये शुल्क कापलं जातं, आणि उरलेली रक्कम बंद पॉलिसींच्या फंडात जाते. तिथे किमान ४ टक्के मिळतात. पाच वर्षांची मुदत भरली की रक्कम तुमच्या खात्यात. आज फंडात साडेसात लाख असतील तर चार वर्षांनी पावणेनऊ-नऊ लाख हाती येतील. चांगल्या ठिकाणच्या व्याजाशी तुलना केली तर नुकसान लाखभराचं. ते सोसा.

पण नुसतं 'भरणार नाही' ठरवून भागणार नाही, कारण हप्ता आपोआप जातो. पॉलिसी घेताना ज्या फॉर्मवर सही केली त्यात बँकेला खात्यातून पैसे वळते करण्याचं मँडेट आहे. ते या आठवड्यात रद्द करा. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या, विमा कंपनीलाही ईमेल करा. तुमची एफडी बचत खात्याला स्वीपने जोडलेली असेल तर आणखी सावध राहा. खात्यात दोन हजार असले तरी बँक एफडी मोडून आठ लाख देईल. शाखेत त्याच मॅडम पुन्हा भेटतील, 'पहिले आठ लाख बुडतील' असं सांगतील. बुडत नाहीत, वर लिहिलंय तसं अडकतात. वाद घालू नका, अर्जावर शिक्का मारून घ्या आणि निघा.

त्याबरोबर तक्रारही करा. कंपनीकडून प्रपोजल फॉर्मची प्रत, तुमच्या सहीचं लाभांचं कोष्टक आणि पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग मागा. फॉर्ममध्ये तुमचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न काय भरलंय ते आधी पाहा. निवृत्त माणसाचं उत्पन्न तिथे फुगवलेलं असेल तर तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा. मुलुंड त्यांच्या ठाण्याच्या कार्यालयाकडे येतं, फी नाही, वकील लागत नाही. पूर्ण पैसे परत मिळतीलच असं सांगत नाही, पण अर्ज जरूर करा.

५६ लाखांची मांडणी थोडक्यात. ३० लाख तुमच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला ६१,५०० रुपये. १५ लाख दोघांच्या नावे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी महिना ९,२५०. ५ लाख अडीअडचणीला एफडीत. पेन्शन धरून वर्षाला सव्वाचार लाखांहून थोडे जास्त येतील, खर्च ५ लाख ४० हजार. आजच तूट आहे आणि ती दरवर्षी वाढेल.

उरतात सहा लाख. नेमकी क्रूझची किंमत! पण महागाईशी झुंजायला तुमच्याकडे हेच पैसे आहेत. ते चांगल्या म्युच्युअल फंडात १२ वर्षं राहिले आणि ९ टक्क्यांनी वाढले तर १७ लाख होतील, आजच्या किमतीत साडेआठ. यापेक्षा जास्त परतावा मी धरणार नाही, तुम्हीही धरू नका.

मेडिक्लेम मात्र याच महिन्यात घ्या, दोघांचा मिळून किमान १० लाखांचा. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून एकेक महिना महत्त्वाचा. वैयक्तिक आरोग्य विम्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. प्रीमियमचे साठ-सत्तर हजार वरच्या तुटीत मिळवा, तेवढी मिळकत कमी पडते हे लक्षात ठेवा.

आणि हत्ती? ते वहिनींना दाखवायलाच हवेत, फक्त जहाजावरून नको. मुंबईहून नैरोबीला थेट विमान सहा तासांत जातं. नैरोबीहून मोंबासाच्या रेल्वेने व्होईला उतरा, तिथे त्सावो ईस्टचंच गेट आहे. तीन रात्री राहा. सकाळ-संध्याकाळ पाच-सहा फेऱ्या होतात, दुपारच्या अडीच तासांऐवजी. दोघांचे तीन-साडेतीन लाख धरा. एजंटाकडून पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जाईल. तो खर्च नाही, विवरणपत्र भरून परत मागा.

तीन लाखांची सहल परवडते, कारण त्या सहा लाखांतले जवळपास निम्मे उरतात. सहा लाखांची नाही. तीही डॉक्टरांनी लसीला हो म्हटल्यावर, मेडिक्लेमची पॉलिसी हातात आल्यावर, आणि मँडेट रद्द झाल्याची पोच फायलीत लागल्यावर. पुढच्या महिन्यात हप्त्याची तारीख उलटून गेली की पासबुक भरून पाहा. आठ लाख खात्यातच दिसले, की नैरोबीची तिकिटं शोधायला लागा.