सांगलीहून एका दिवसात कणेरी मठाचं म्युझियम नीट बघून होतं का? सोबत दोन मुलं आहेत. पंचाहत्तरीच्या सासूबाईंना न्यावं की नको?

आरामात होतं. आणि सासूबाईंना न्याच. तिथे पुतळ्यांतून जे जुनं गाव मांडलंय ते सगळ्यात जास्त त्यांनाच ओळखीचं असणार.

कोल्हापूरच्या पुढे पुणे-बेंगळुरू हायवेला लागलात की गोकुळ शिरगावच्या आसपास कणेरीकडे वळायचं. शहरापासून दहा-बारा किलोमीटर. सकाळी लवकर निघा, कारण सगळं उघड्यावर आहे. सातेक एकरांचा परिसर, त्यात माणसाच्या उंचीचे सिमेंटचे शेकडो पुतळे, आणि दुपारी बाराच्या उन्हात मुलं काय, मोठेही नुसते सावली शोधत फिरतात. टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या घ्या. सासूबाईंना चालणं बरंच होईल, तेव्हा जिथे बसायला मिळेल तिथे बसवत न्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींची झुंबड असते, जमलं तर मधला वार धरा.

सुरुवातीला प्राचीन ऋषींचे पुतळे लागतात. तिथे फार रेंगाळू नका. खरा जीव पुढच्या गावात आहे: नांगरणी, मळणी, लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, तेल्याचा घाणा. बहुतेक लोक प्रत्येक पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि पुढे सरकतात. दीड तासात बाहेर. माझं सांगणं एवढंच, की सगळं बघायचा अट्टहास सोडा. चार-पाच ठिकाणं निवडा आणि तिथे थांबा.

मोटेच्या विहिरीपाशी तर थांबाच. माझ्या आईचं लहानपण शेतावर गेलं. तिथे उभी राहून तिने माझ्या भाच्याला जे समजावलं, ते कुठल्याही पाटीवर मावणारं नव्हतं. मोट म्हणजे पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी, ती विहिरीत सोडायची. बैल धावेवरून, म्हणजे उतारावरून खाली चालले की नाडा, म्हणजे जाड दोर, ताणला जातो आणि भरलेली मोट वर येते. मोटेच्या सोंडेला वेगळी बारीक दोरी असते, तिला सोंदूर म्हणतात. वर आल्यावर तिच्यामुळे सोंड थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या कुंडीत, उघडते आणि पाणी पाटाला लागतं. मग तेच बैल उलटे, मागे मागे चालत वर यायचे. भाच्याला हे पटेचना. "बैल रिव्हर्स येतात?" आई म्हणाली, "शिकवावं लागतं त्यांना. आणि खाली जाताना माणूस नाड्यावर बसतो, वजन पडावं म्हणून." नंतर तो दोन्ही दोऱ्यांवर बोट फिरवत हवेतच तो सगळा प्रवास दाखवायला लागला. पुतळा हलत नाही, पण बरोबर माहितगार माणूस असेल तर काम डोळ्यांसमोर सुरू होतं. म्हणून म्हणते, सासूबाईंना न्या आणि मुलांना सांगा, आजीला विचारा.

मुलांना पुतळ्यांचे हात बघायला सांगा. कुठल्या हाताने वस्तू धरलीय, कुठल्या हाताने घाव घालायचाय, पाय कुठे रोवलाय. काम करणाऱ्या अंगाचा ताण चेहऱ्यापेक्षा तिथे जास्त दिसतो.

एक गोष्ट मात्र तिथल्या देखाव्यात दिसत नाही, ती मुलांना घरच्यांनीच सांगावी असं मला मनापासून वाटतं. बलुतेदार वर्षभर शेतकऱ्याचं काम करायचे आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचे, हे कळतं. पण काम जातीने ठरायचं, लोहाराच्या मुलाने लोहारच व्हायचं, आणि ज्यांची वस्ती गावाबाहेर होती त्यांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता. रंगवलेलं गाव फार सुंदर दिसतं, म्हणून हे सांगणं जास्त गरजेचं. त्या दिवशी तुम्ही कोल्हापुरातच असाल, तेव्हा शाहू महाराजांचं नाव ओघानेच येईल. गावकामाला पिढ्यान्‌पिढ्या जखडून ठेवणारं महार वतन त्यांनी आपल्या संस्थानात १९१८ साली रद्द केलं. आठवी-नववीच्या मुलाला हे नक्की समजतं. तुमची लहान असतील तर विहिरीपाशीच एवढं विचारा: इथे पाणी भरायला कोणाला येऊ देत नसतील?

वेळेचं म्हणाल तर म्युझियमला तीन तास धरा. मग कोल्हापुरात येऊन जेवा. सासूबाईंना तिखट चालत नसेल तर तांबड्या-पांढऱ्याच्या नादी न लागता साधी शाकाहारी थाळी घ्या. अंबाबाईचं दर्शन त्याच दिवशी करायचं असेल तर शुक्रवार आणि नवरात्र टाळा, रांगेतच संध्याकाळ जाते. रंकाळा राहिला तरी चालेल, सांगलीहून तो कधीही होतो.