टॉवरचा खड्डा खणला, तेव्हापासून तीन वर्षे

प्रश्न : चोपडा तालुक्यात आमची साडेचार एकर बागायत आहे. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी ४०० केव्ही वाहिनीच्या टॉवरसाठी मृगबागेच्या केळीत खड्डे खणले. फेब्रुवारी २०२४ मध्ये टॉवर उभा राहिला, डिसेंबर २०२४ मध्ये तारा ओढल्या. पंचनाम्यावर सही घेताना कंपनीचा माणूस म्हणाला, रकाने नंतर भरू. थोरल्या भावाच्या नावे एक चेक आला, तो वटवला. तारांखालच्या जमिनीचे काहीच मिळाले नाही. तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी असे सगळीकडे अर्ज दिले, पण ‘प्रकरण वर पाठवले आहे’ एवढेच उत्तर मिळते. वडील वारले, सातबाऱ्यावर नाव अजून त्यांचेच आहे. भूसंपादन कायद्याने चौपट मोबदला मागावा, की टॉवर हलवून घ्यावा?

उत्तर : भाऊ, दोन्ही नाद सोडा. तुमची जमीन संपादित झालेली नाही, ती तुमचीच आहे, म्हणून चौपटीचा प्रश्न येत नाही. टॉवर हलवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ४०० केव्हीचा टॉवर सरकवायचा म्हणजे दोन्हीकडच्या तारा उतरवून पुन्हा ओढायच्या. ते होणार नाही. तुमचे सगळे प्रकरण एका तारखेवर टांगलेले आहे आणि तीच तुम्ही विचारलेली नाही.

विद्युत कायदा २००३ च्या कलम १६४ खाली ज्या पारेषण कंपनीला अधिकार दिलेले असतात, ती भारतीय तार अधिनियम १८८५ चे अधिकार वापरते. त्यात शेतकऱ्याची संमती लागत नाही. कलम १० प्रमाणे नुकसानीची पूर्ण भरपाई मात्र द्यावी लागते. भरपाई कमी वाटली तर कलम १६(३) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करायचा. २०२३ चा दूरसंचार कायदा आल्यावर जुना कायदा संपला, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. कलम १६४ च्या वाहिन्यांसाठी जुन्या अधिनियमाचा भाग ३ त्या नव्या कायद्यानेच चालू ठेवला आहे.

कलम १६(३) मध्ये मुदत लिहिलेली नाही, म्हणून लोक निवांत राहतात. पण केरळ राज्य विद्युत मंडळ विरुद्ध टी. पी. कुन्हालिउम्मा या १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकले की अशा अर्जाला मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद १३७ लागतो. अर्जाचा हक्क उत्पन्न झाल्यापासून तीन वर्षे. त्या प्रकरणातला वादही वाहिनीसाठी तोडलेल्या झाडांच्या भरपाईचाच होता. पन्नास वर्षे होत आली, तरी शेतकरी अजून कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवतात आणि जिल्हा न्यायालयात येतात ते चौथ्या वर्षी. बैल गेला आणि झोपा केला.

तुमची तीन वर्षे कधीपासून धरायची, यावर वाद घालता येतो. पाया, उभारणी आणि तार ओढणी ही तीन वेगळी नुकसाने आहेत, प्रत्येकाची मुदत वेगळी धावते, असे तुमचा वकील म्हणू शकतो. तारांखालच्या पट्ट्यासाठी हा मुद्दा मला बळकट वाटतो, कारण डिसेंबर २०२४ पूर्वी तिथे तारच नव्हती. तरी या वादावर घर बांधू नका. मुदत पहिल्या खड्ड्यापासून मोजा, म्हणजे १८ नोव्हेंबर २०२६. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरातच आहे आणि कोर्टाला सुट्टी लागते. मुदत सुट्टीत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येते, पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. अर्ज सप्टेंबरातच जळगावला दाखल झाला पाहिजे.

आता तुमच्या अर्जांची फाईल. तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी यांच्याकडे घालवलेले दिवस तीन वर्षांतून वजा होत नाहीत. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वगळता येतो (मुदतीच्या कायद्याचे कलम १४), पण महसुली कचेरीतला अर्ज म्हणजे न्यायालयातली कार्यवाही नव्हे, असेच कंपनीचा वकील म्हणणार. उपोषणालाही मुदत थांबत नाही. विलंब माफीचा अर्ज देता येतो, पण ‘साहेबांनी थांबा म्हटले’ हे कारण कोर्टात टिकेल याची हमी मी देणार नाही.

खरा उपयोग त्याच कायद्याच्या कलम १८ चा आहे. मुदत संपण्याआधी कंपनीने सही करून लेखी कबूल केले की तुमची भरपाई देणे आहे, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. रक्कम लिहिलेली नसली तरी चालते. म्हणून आलेली प्रत्येक चिठ्ठी तपासा. ‘कॉरिडॉरचा मोबदला मूल्यांकनानंतर अदा करण्यात येईल’ अशी एक ओळ सापडली, तर ती सोन्याची. (कॉरिडॉर म्हणजे तारांखालचा पट्टा.) फोनवरचे आश्वासन यात बसत नाही. व्हॉट्सॲपवरच्या मजकुराबद्दल वाद होईल, तरी तो पुसू नका. आणि आजच कंपनीला स्पीड पोस्टाने, पोच मागून, पत्र टाका : गट नंबर, टॉवर नंबर, मिळालेली रक्कम, बाकीची मागणी. उत्तर आले तर कामाला येईल, नाही आले तरी मागणी केल्याचा पुरावा राहील. टॉवर नंबर बुंध्याजवळच्या पाटीवर असतो. धोक्याच्या पाटीचा फोटो काढून लोक परत येतात, नंबरची पाटी राहून जाते.

मागायचे किती? इथे बहुतेकांची चूक होते. भांडण टॉवरवरून होते आणि पैसा असतो तारांखाली. समजा पायांमधली जागा १२ बाय १२ मीटर, म्हणजे १४४ चौरस मीटर. जेमतेम दीड गुंठा. ४०० केव्हीचा कॉरिडॉर साधारण ४६ मीटर रुंद धरतात. वाहिनी तुमच्या वावरातून १२० मीटर गेली असेल, तर ५,५२० चौरस मीटर होतात, म्हणजे साडेचोपन्न गुंठे. सव्वा एकराहून जास्त जमिनीवर तारा, आणि चेक दीड गुंठ्याचा!

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १४ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि कॉरिडॉरला ३० टक्के असे दर आहेत. टॉवरची जागा मोजताना चारही बाजूंना एक मीटर जास्त धरायचा, म्हणजे वरच्या उदाहरणात १४ बाय १४, १९६ चौरस मीटर. हिशेबापुरता हेक्टरी २० लाख भाव धरा. टॉवरचे ७८,४०० रुपये होतात, आणि टॉवरची जागा वजा करून उरलेल्या कॉरिडॉरचे ३ लाख १९ हजार. त्याआधीच्या, १५ ऑक्टोबर २०१५ च्या सूचनांत हेच दर ८५ टक्के आणि जास्तीत जास्त १५ टक्के होते. तुमचा टॉवर नव्या सूचनांच्या आधीचा आणि तारा नंतरच्या, त्यामुळे कॉरिडॉरला नवा दर जरूर मागा. तो मिळेलच असे नाही. केंद्राच्या सूचना आपोआप बंधनकारक होत नाहीत आणि राज्याचे स्वतःचे शासन निर्णय आहेत. पण जिल्हा न्यायाधीश यांपैकी कशानेच बांधलेले नसतात. केरळ राज्य विद्युत मंडळ विरुद्ध लिविशा या २००७ च्या निकालाने जमिनीचे स्थान, तार तुकड्याच्या कडेने गेली की मधोमध, आणि त्यामुळे जमिनीचा उपयोग किती घटला, हे पाहायला सांगितले आहे. दर मागताना हे तुम्हाला दाखवावे लागेल.

उपयोग घटला म्हणजे काय, ते जमिनीवर उतरून लिहा. ४०० केव्हीच्या तारेचा सर्वांत खालचा झोळ जमिनीपासून किमान ८.८४ मीटर वर असावा लागतो. त्याखाली केळी येते, म्हणून कंपनी म्हणते नुकसान काय? पण त्या पट्ट्यात आंबा, साग लावता येत नाही, घर किंवा शेड बांधता येत नाही, बोअरच्या गाडीचा उंच दांडा उभा करणे जिवावरचे आहे. तारेच्या कुंपणाला हात लावला की झिणझिण्या येतात. ते अर्थिंग केल्याशिवाय ठेवू नका. विहीर किंवा बोअर पट्ट्यात असेल तर ते वेगळे मांडा.

पिकाची भरपाई या सगळ्याहून निराळी असते, ती तिन्ही टप्प्यांना द्यावी लागते, आणि तिथे तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आहे. कोऱ्या रकान्यांच्या पंचनाम्यावर सही करणाऱ्याला नंतर कोणता वकील पुरा पडणार? केळी पाच बाय पाच फुटांवर असेल तर एकरी सुमारे १,७४२ खोडे बसतात. पंचनाम्यात ‘केळी, ०.१० हे.’ एवढेच असेल, तर खोडे किती मोडली, बाग निसवलेली होती की नाही, घड किती होते, ठिबकच्या नळ्या किती तुटल्या, खड्ड्यातला मुरूम कुठे पसरला, हे सगळे बुडाले. तहसील किंवा प्रांत कार्यालयातून पंचनाम्याची नक्कल माहिती अधिकारात मागा, फी १० रुपये, मुदत ३० दिवस. खाजगी कंपनी स्वतः माहिती अधिकाराखाली येत नाही म्हणेल, पण सरकारी दप्तरातली प्रत तिला अडवता येत नाही. त्या हंगामाची ई-पीक पाहणी, केळी व्यापाऱ्याच्या पावत्या आणि रोपांचे बिल जोडा. ई-पीक पाहणी भरली नसेल, तर ‘पीकच नव्हते’ हे ऐकायची तयारी ठेवा.

चेक वटवला म्हणून अर्जाचा हक्क आपोआप जात नाही, कारण रक्कम पुरेशी आहे का हाच कलम १६(३) चा विषय आहे. ‘संपूर्ण व अंतिम मोबदला मिळाला’ असे कशावर लिहून दिले असेल, तर मात्र अवघड आहे. तो कागद पाहिल्याशिवाय पुढे बोलता येणार नाही.

ज्यांच्याकडे अजून तारा ओढलेल्या नाहीत त्यांनी हे वाचून घ्यावे. साक्रीच्या पवनचक्क्या, शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प, धुळ्याचे ७६५ केव्ही उपकेंद्र यांच्याकडे पाहिले की कळते, खान्देशात वाहिन्या वाढतच जाणार आहेत. सौर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा राहतो, वाहिनीला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून ठेकेदाराला घाई असते. शेतकऱ्याचे ऐकले जाते ते त्या घाईत. तार ओढून झाली की फोन उचलत नाहीत. काम अडवून बसू नका, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानंतर अडवणे हा गुन्हा ठरतो. पण पावतीवर ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ एवढे चार शब्द स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढा.

तुमच्या अर्जाआधी एक गोष्ट तपासायची आहे. कंपनीला कलम १६४ चे अधिकार दिल्याची राजपत्रातली अधिसूचना मागा. ती नसेल तर वाट वेगळी : २००६ चे वर्क्स ऑफ लायसन्सीज नियम लागतात, संमती किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मोबदल्याचा वादही जिल्हा न्यायाधीशांकडे जात नाही. ४०० केव्हीला अधिसूचना बहुधा असते, तरी कागद हातात घ्या.

पुरावा पहिल्या दिवशीच सगळा घाला. भूमी अभिलेखकडून मोजणी करून टॉवर आणि तारांचा पट्टा गटाच्या नकाशावर आणा, गावातली तीन वर्षांची खरेदीखते काढा, सातबारा जिरायत दाखवत असेल तर विहिरीची नोंद आणि वीजबिल जोडा. कारण कलम १६(५) प्रमाणे जिल्हा न्यायाधीशांचा निर्णय अंतिम असतो, त्यावर नेहमीचे अपील नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट करता येते, पण तिथे मोजणीपासून पुन्हा सुरुवात कोणी करू देत नाही. जिल्हा न्यायालयात तारखा किती पडतील ते विचारू नका. व्याज मागून ठेवा. कलमात ते लिहिलेले नाही, पण न मागितलेले मिळत नाही.

वारस नोंद या महिन्यातच लावा, सगळ्या भावाबहिणींची. फेरफार मंजूर झाला नाही तरी अर्ज थांबवू नका. सर्व वारसांना अर्जदार करा आणि मृत्यूचा दाखला जोडा. कोणी सही करत नसेल तर त्याला सामनेवाला करा. थोरल्या भावाने घेतलेल्या चेकची वाटणी हा घरातला वाद आहे, तो कंपनीविरुद्धच्या अर्जात आणलात तर फायदा कंपनीचाच होईल.